एचआयव्हीचा अभ्यास सामायिक साधनांतून : गोव्यातील छोट्या प्रयोगशाळेसाठी मार्गदर्शन

एचआयव्ही पेशीत कसा शिरतो, तिथे स्वतःच्या प्रती कशा काढतो आणि एका पेशीतून दुसरीत कसा पसरतो, हे तपासायला लागणारी सगळी साधने एकाच प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. विषाणूचे क्लोन, त्याला ओळखणाऱ्या सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी), अँटिबॉडी, प्रमाणित औषधे, विषाणूच्या गाभ्यातले पी२४ हे प्रथिन मोजण्याची सामग्री आणि जनुकक्रमांचे संग्रह या गोष्टी गेल्या चाळीस वर्षांत जगभरच्या संशोधकांनी एकमेकांना दिल्या, आणि त्यांतूनच या विषाणूची आजची ओळख उभी राहिली. ताळगावच्या पठारावर, सांकवाळला किंवा बांबोळीत काम करणाऱ्या, दोन इनक्युबेटर आणि एक बायोसेफ्टी कॅबिनेट असलेल्या प्रयोगशाळेलाही या देवाणघेवाणीत पूर्ण हक्काने उतरता येते. ही साधने मागवायची कशी, आली की तपासायची कशी, वापरायची आणि सांभाळायची कशी, हे मी इथे क्रमाने लिहीत आहे. वाचक जीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी किंवा नव्याने प्रयोगशाळा उभी करणारे प्राध्यापक असतील असे धरले आहे.

पहिली पायरी : प्रश्न आधी, साधन नंतर

पुष्कळ जण यादी उघडतात आणि आकर्षक वाटलेला क्लोन मागवतात. ही चूक नंतर महागात पडते, कारण साधन हातात आल्यावर ते आपल्या सुरक्षा पातळीत वापरता येत नाही असे कळते. म्हणून विषाणूच्या जीवनचक्रातला नेमका कोणता टप्पा आपल्याला पाहायचा आहे ते आधी कागदावर लिहून काढावे.

चक्र थोडक्यात असे आहे. विषाणूचे जीपी१२० हे प्रथिन पेशीवरील सीडी४ला आणि मग सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या सहग्राहकाला चिकटते. जीपी४१ विषाणूचे आणि पेशीचे आवरण एकजीव करते. आत आलेल्या सुमारे ९,७०० न्यूक्लिओटाइड लांबीच्या आरएनएच्या दोन प्रतींपासून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज डीएनए बनवते, इंटिग्रेज तो डीएनए आपल्या गुणसूत्रात बसवते, टॅट हे छोटे प्रथिन जनुकांचे वाचन वेगाने सुरू करते आणि रेव्ह पूर्ण लांबीचे आरएनए केंद्रकाबाहेर आणते. पेशीच्या कडेला गॅग प्रथिने जमून नवा कण बाहेर पडतो आणि प्रोटिएजने गॅग कापले की तो कण संसर्गक्षम होतो.

यातला प्रवेशाचा टप्पा पाहायचा असेल, म्हणजे एखादी अँटिबॉडी किंवा एखाद्या वनस्पतीचा अर्क विषाणूला बाहेरच अडवतो का हे तपासायचे असेल, तर पूर्ण विषाणूची गरजच नसते. एकाच फेरीपुरता संसर्ग करणारा स्यूडोव्हायरस पुरतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन, इंटिग्रेशन आणि टॅटचे काम याच पद्धतीत दिसते. मात्र विषाणू दिवसेंदिवस कसा वाढतो, किंवा संसर्गित पेशी शेजारच्या पेशीला थेट चिकटून विषाणू कसा देते, हे पाहायचे असेल तर वाढणारा विषाणूच लागतो. पेशीतून पेशीत होणारा हा थेट प्रसार मोकळ्या कणांच्या प्रसारापेक्षा पुष्कळ कार्यक्षम असतो, आणि त्याचा अभ्यास एका फेरीच्या साधनांनी अर्धाच होतो. वाढणारा विषाणू भारतात जोखीम गट ३ मध्ये मोडतो, आणि त्याचे संवर्धन प्रमाणित बीएसएल-३ (जैवसुरक्षा पातळी ३) प्रयोगशाळेतच करायचे असते. तशी सोय आपल्याकडे नसेल तर प्रश्नाचा तेवढा भाग सहकार्याने करावा. पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (आता नाव आयसीएमआर-एनआयटीव्हीएआर) आणि पुण्यातलेच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र ही त्यासाठी आपल्याला जवळची ठिकाणे आहेत. आपला प्रस्ताव दोन भागांत लिहावा : गोव्यात काय होईल आणि पुण्यात काय होईल. दोन्हींची सरमिसळ करून लिहिलेला प्रस्ताव जैवसुरक्षा समितीकडून परत येतो, आणि तो परत यायलाच हवा.

दुसरी पायरी : काय कुठे मिळते

अमेरिकेतील एनआयएआयडी या संस्थेने १९८८ मध्ये एड्स संशोधनासाठी रीएजंटचा सामायिक संग्रह सुरू केला. ब्रिटनमध्ये पॉटर्स बारच्या एनआयबीएससी या जैविक प्रमाणकांच्या संस्थेकडे तसाच संग्रह वाढला, आणि जागतिक आरोग्य संघटनेची एचआयव्ही-१ आरएनएची आंतरराष्ट्रीय प्रमाणकेही तिथूनच जातात. २००४ मध्ये स्थापन झालेली अ‍ॅडजीन ही ना-नफा संस्था प्लास्मिड (जिवाणूंत वाढवता येणारे गोल डीएनए) वाटते, आणि लेंटिव्हायरस बनवण्यासाठी जगभर वापरले जाणारे पीएसपॅक्स२ व पीएमडी२.जी हे प्लास्मिड तिच्याकडे मिळतात. जुर्कॅट किंवा एचईके २९३ यांसारख्या सर्वसाधारण सेल लाइनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे भांडार आधी पाहावे. परदेशातून आणण्यापेक्षा वेळ वाचतो आणि पेशीही धक्के न खाता येतात.

पैसे न देता मिळणाऱ्या साधनांकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. लॉस अलामॉसचा एचआयव्ही जनुकक्रम संग्रह आणि स्टॅनफर्डचा औषधप्रतिरोध संग्रह दोन्ही खुले आहेत. आपल्या प्रत्येक क्रमाची जागा एचएक्सबी२ या संदर्भ क्रमाच्या क्रमांकांत सांगायची असते, तेव्हा पहिल्या दिवसापासून तीच सवय लावावी. ज्या विद्यार्थ्याने प्लास्मिड हातात येण्याआधी आठवडाभर हे क्रम ओळीने लावून पाहिले आहेत, त्याला नंतर प्राइमर बसवताना अडचण येत नाही.

एक गोष्ट भारतातल्या संशोधकाने विशेष लक्षात ठेवावी. संग्रहांतील सर्वाधिक वापरलेला क्लोन, म्हणजे १९८६ मध्ये तयार झालेला पीएनएल४-३, हा बी उपप्रकाराचा आहे. एनवाय५ आणि एलएव्ही या दोन विषाणूंचे तुकडे जोडून तो बनवला आणि तो सीएक्ससीआर४ वापरतो. भारतातले बहुसंख्य संसर्ग मात्र सी उपप्रकाराचे आहेत, आणि तो प्रामुख्याने सीसीआर५ वापरतो. फरक केवळ आवरणापुरता नाही. बी उपप्रकाराच्या एलटीआरमध्ये, म्हणजे जनुकांचे वाचन सुरू करणाऱ्या टोकाच्या भागात, एनएफ-कप्पा-बी या पेशीतल्या प्रथिनाला बसायला सहसा दोन जागा असतात, सीमध्ये तीन, आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने चार जागा असलेले भारतीय विषाणूही दाखवले आहेत. जनुकांचे वाचन कधी सुरू होते आणि विषाणू सुप्त कधी राहतो या प्रश्नांशी या जागांचा थेट संबंध आहे. म्हणून बी उपप्रकारावर मिळालेले निष्कर्ष भारतातील विषाणूला जसेच्या तसे लावू नयेत. मागणीपत्रात सी उपप्रकाराचे किमान एक आवरण (म्हणजे आवरणाचे प्रथिन देणारा प्लास्मिड) आणि शक्य असेल तर इंडी-सी१ हा भारतीय क्लोन असावा. निष्प्रभीकरण चाचण्यांसाठी, म्हणजे अँटिबॉडी विषाणूला अडवते का हे पाहण्यासाठी, बारा आवरणांचे जागतिक संदर्भ पॅनेल उपलब्ध आहे. सगळे बारा लगेच नकोत, पण त्यातली सी उपप्रकाराची आवरणे आपल्या कामाला सुरुवातीपासून लावावीत.

सेल लाइनच्या यादीत नाव वाचून फसू नये. टीझेडएम-बीएल ही हेला पेशींपासून बनवलेली लाइन आहे. तिच्यावर सीडी४ आणि सीसीआर५ बसवले आहेत, आणि टॅट आत आले की ती ल्युसिफरेज आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज बनवते. ती स्वतः एचआयव्ही सोडत नाही. जे-लॅट या सुप्तता अभ्यासण्याच्या लाइनमधल्या प्रोव्हायरसचे (गुणसूत्रात बसलेल्या विषाणूच्या डीएनएचे) आवरण निकामी आहे. पण एसीएच-२ आणि यू१ या दोन्ही लाइन उत्तेजन मिळाल्यावर संसर्गक्षम विषाणू बाहेर टाकतात. शीशीवर फक्त सेल लाइन असे लिहिलेले असते, म्हणून तिला नेहमीच्या कॅबिनेटमध्ये उघडणे धोक्याचे आहे. यादीतील प्रत्येक नोंदीपुढे, ही वस्तू स्वतः विषाणू देते का, असा एक रकाना करून तो हाताने भरावा. मी हे माझ्या विद्यार्थ्यांकडून परीक्षेसारखे करून घेते.

तिसरी पायरी : परवानग्या

रीकॉम्बिनंट डीएनएचे काम १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९च्या नियमांत येते. संस्थेची जैवसुरक्षा समिती, तिच्या वर जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही पुनरावलोकन समिती आणि कामाची चौकट सांगणारी २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे, असा हा क्रम आहे. जोखीम गट १ आणि २ची सामग्री आणण्याचा निर्णय संस्थेची समिती घेऊ शकते, गट ३साठी मात्र आरसीजीएमकडे जावे लागते. म्हणून अर्जात प्लास्मिड, स्यूडोव्हायरस, सेल लाइन आणि पूर्ण विषाणू या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. पूर्ण लांबीचा पीएनएल४-३ प्लास्मिड शीशीत असताना डीएनए आहे, पण २९३टी या मानवी पेशींत टाकताच त्यातून संसर्गक्षम विषाणू निघतो. ही एवढी एक ओळ अर्जात नसली तर समितीने विचारायला हवे, आणि समितीने विचारले नाही तर आपण स्वतः सांगायला हवे.

समितीची बैठक वर्षातून मोजक्याच वेळा होते, हे गृहीत धरून काम आखावे. चवथीच्या आधीच्या महिन्यात अर्ज दिला की तो बहुधा दसऱ्यानंतर उघडला जातो. आमच्या एका मागणीचे असेच झाले. परवाना हातात येईपर्यंत देणाऱ्या संस्थेने मागणी रद्द केली आणि सगळा कागद पुन्हा करावा लागला. आता मी जानेवारीत अर्ज देते.

मानवी नमुने वापरायचे असतील तर नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. नमुने परदेशात पाठवायचे किंवा परदेशी संस्थेशी सहकार्य करायचे असेल तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या एचएमएससीची (आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची) वाट आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमती आणि गोपनीयता या दोन्ही गोष्टी कायद्याने बंधनकारक केल्या आहेत.

गोव्यात या कायद्याचा अर्थ निव्वळ कागदावरचा राहू शकत नाही. १९८९ मध्ये रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या पर्रा गावच्या तरुणाला, तो एचआयव्हीबाधित आहे एवढ्याच कारणावरून, म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवले गेले. त्याची आई ल्युसी डिसोझा हिने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने बाधितांना असे वेगळे ठेवू देणारा तेव्हाचा राज्याचा कायदा वैध ठरवला. डिसोझाने पुढे बाधितांसाठी संघटना उभारली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. रक्ताची एक नळी कुठून कुठे जाते आणि तिच्यावरचे नाव कोण वाचते, याने माणसाचे आयुष्य कसे बदलते हे आपल्या राज्याने इतक्या जवळून पाहिले आहे. म्हणून बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या) ठिकाणाहून नमुने घ्यायचे झाले तर ते सांकेतिक क्रमांकानेच घ्यावेत, नाव आणि क्रमांक जोडणारी वही संशोधकाकडे कधीच येऊ नये, आणि आपल्या छोट्या राज्यात तालुका, वय आणि व्यवसाय एवढी माहितीही माणूस ओळखायला पुरते, हे लक्षात ठेवून ती माहितीही मागू नये.

चौथी पायरी : करार आणि वाहतूक

सामग्री हस्तांतरण करारावर विद्यार्थ्याने किंवा प्राध्यापकाने स्वतः सही करू नये. सही संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची असते. करारात सहसा तीन अटी असतात : ही सामग्री तिसऱ्या कोणाला देऊ नये, व्यावसायिक उपयोग करू नये आणि प्रकाशनात देणाऱ्याचा उल्लेख ठरलेल्या शब्दांत करावा. पहिली अट सर्वांत जास्त मोडली जाते. शेजारच्या विभागाने मागितले म्हणून मैत्रीने एक नळी दिली जाते, आणि पुढे ती कुठली, कितव्या पासची (पेशी कितव्यांदा वाटून वाढवलेल्या), कोणत्या अटीवर आली हे कोणालाच सांगता येत नाही. शेजाऱ्यांना नवी मागणी नोंदवायला मदत करावी, नळी देऊ नये.

वाहतुकीचे नियम वस्तूप्रमाणे बदलतात. एचआयव्हीचे संवर्धन हवाई वाहतुकीत अ गटात, म्हणजे यूएन २८१४ खाली जाते. रुग्णाचे नमुने साधारणपणे ब गटात, यूएन ३३७३ खाली, आणि ड्राय आइस स्वतंत्रपणे यूएन १८४५ खाली नोंदवावा लागतो. तिहेरी वेष्टन दोन्ही गटांना आवश्यक आहे. पुण्याहून किंवा पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन प्रवास करण्याची प्रथा काही प्रयोगशाळांत आहे. हे कोणत्याही कारणाने करू नये. ड्राय आइसमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद बसमध्ये माणसाला बेशुद्ध करू शकतो, आणि डबा सांडला तर सहप्रवाशांना सांगायला आपल्याकडे शब्द नसतात.

परदेशी खोका मुंबई किंवा दिल्लीच्या सीमाशुल्क विभागातून मोकळा होऊन मग गोव्यात येतो. देणाऱ्याला सोमवारी पाठवायला सांगावे, म्हणजे खोका शनिवार-रविवारी अडकत नाही. गोव्यात आता दाबोळी आणि २०२३ पासून मोपा असे दोन विमानतळ आहेत. खोका कोणत्या विमानतळावर उतरतो ते मालवाहतूक कंपनीला आधी विचारावे, नाहीतर गाडी एका टोकाला आणि खोका दुसऱ्या टोकाला अशी स्थिती होते. ड्राय आइसचे वजन आणि तो किती दिवस पुरेल हे पत्रात लिहून घ्यावे. मे महिन्याच्या उकाड्यात हा अंदाज नेहमी एक दिवसाने कमी धरावा.

पाचवी पायरी : आल्या दिवशी काय करायचे

खोका उघडण्याआधी वहीत तारीख, वेळ, ड्राय आइस किती उरला होता आणि नळ्यांवरचे क्रमांक लिहावेत, छायाचित्र काढावे. पेशी आल्या असतील तर त्या दिवशी लगेच सुरू करून पहिल्या दोन-तीन पासमध्येच मूळ साठा गोठवावा. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि तिथे पेशी वर्षानुवर्षे टिकतात. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये त्या काही महिन्यांनी मरू लागतात. एकाच ठिकाणी सगळा साठा ठेवू नये. पहिल्या पावसात वीज गेली, जनित्र सुरू झाले नाही, आणि रविवारी कोणी नव्हते, या तीन साध्या गोष्टींनी आमचा एक संपूर्ण रॅक गेला होता. तेव्हापासून अर्ध्या नळ्या दुसऱ्या इमारतीत असतात आणि फ्रीजरच्या तापमानाचा इशारा तीन जणांच्या फोनवर जातो. छोट्या संस्थेला द्रव नायट्रोजन नियमित मिळत नसेल तर पशुसंवर्धनाच्या पुरवठादारांकडे चौकशी करावी. कृत्रिम रेतनासाठी वीर्य त्यातच साठवतात, त्यामुळे पुरवठ्याची एक व्यवस्था आधीच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग : तपासणी. सामायिक संग्रहातून आले म्हणून ते तसेच आहे, असे मानून चालणार नाही. याचा सर्वांत मोठा धडा एचआयव्हीच्या शोधाच्या काळातलाच आहे. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एका रुग्णाचा बीआरयू नावाचा विषाणू वाढवला जात होता. त्याच्या संवर्धनात एलएआय या दुसऱ्या, जोमाने वाढणाऱ्या विषाणूची भेसळ झाली. तोच मिश्र साठा अमेरिकेत गेला आणि तिथल्या प्रयोगशाळेच्या संवर्धनांतही एलएआयच उरला. दोन देशांत कित्येक वर्षे चाललेल्या वादाचा उलगडा १९९१च्या सुमारास जनुकक्रम जुळवल्यावर झाला. टीझेडएम-बीएल पेशींच्या काही साठ्यांत उंदरांचा रेट्रोव्हायरस असल्याचे २००८ मध्ये दाखवले गेले. प्रोव्हायरसची एकच प्रत असलेली ८ई५ ही लाइन पीसीआरसाठी मोजपट्टी म्हणून वापरतात, पण पास वाढत गेले की तिच्यातल्या काही पेशी प्रोव्हायरसच गमावतात आणि मोजपट्टीच आखूड होते.

म्हणून पेशींसाठी तीन तपासण्या कधीच टाळू नयेत. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर आल्या दिवशी आणि मग दर महिन्याला करावी. पावसाळ्यात आमच्याकडे इनक्युबेटरमध्ये बुरशी सहज येते, पण ती डोळ्यांना दिसते, मायकोप्लाझ्मा दिसत नाही आणि विषाणूच्या वाढीचे सगळे आकडे बदलून टाकतो. दुसरी, मानवी लाइन ओळखण्यासाठी एसटीआर प्रोफाइल. ते बाहेरून करून घेता येते आणि एका चांगल्या प्रयोगाच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. तिसरी, काम करते का याची : टीझेडएम-बीएलला ज्ञात स्यूडोव्हायरस दिला की ल्युसिफरेज वाढते का, आणि मॅरॅव्हिरॉक किंवा एफाव्हिरेंझसारखे ठरलेले औषध दिले की खाली येते का. मॅरॅव्हिरॉक फक्त सीसीआर५ वापरणाऱ्या आवरणाला अडवते. सीएक्ससीआर४ वापरणाऱ्या आवरणावर त्याचा परिणाम दिसला, तर आपल्या नळीत लेबलवर लिहिलेले आवरण नाही किंवा औषधाची मात्रा पेशींना मारत आहे, हे त्याच दिवशी कळते.

प्लास्मिडची तपासणी वेगळी. एचआयव्हीच्या पूर्ण क्लोनच्या दोन्ही टोकांना एलटीआर हा एकसारखा भाग असतो. साध्या जिवाणूंत, ३७ अंशांवर वाढवले की ते दोन भाग आपसांत जुळून मधला सगळा विषाणू निसटतो आणि उरलेला छोटा प्लास्मिड झपाट्याने वाढतो. सुरुवातीला आम्ही हेच केले आणि दोन महिने विषाणू का बनत नाही याचे कारण पेशींत, माध्यमात आणि ट्रान्सफेक्शनमध्ये शोधत राहिलो. एसटीबीएल३सारखा स्थिर स्ट्रेन, ३० अंश तापमान, छोट्या वसाहती निवडणे आणि प्रत्येक तयारीनंतर दोन रिस्ट्रिक्शन एन्झाइमनी पट्ट्या पाहणे, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. मोठ्या, चमकदार वसाहती उचलण्याची सवय इथे उलटते, छोट्या वसाहतीच बहुधा बरोबर असतात.

सहावी पायरी : स्यूडोव्हायरस बनवणे आणि मोजणे

गोव्यातल्या बहुतेक प्रयोगशाळांसाठी प्रत्यक्ष कामाचा गाभा इथे आहे. एक प्लास्मिड आवरण नसलेला विषाणू देतो, उदाहरणार्थ एसजी३-डेल्टा-एन्व किंवा ल्युसिफरेज घातलेला आवरणहीन पीएनएल४-३. दुसरा आवरण देतो. दोन्ही २९३टी पेशींत एकत्र टाकले की ४८ ते ७२ तासांनी माध्यमात एकदाच संसर्ग करू शकणारे कण मिळतात. ते ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावेत आणि छोट्या नळ्यांत भरून लगेच उणे ८० अंशांवर ठेवावेत. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये, प्रत्येक फेरीत संसर्गक्षमता घटते आणि महिन्यापूर्वीचे आकडे आजच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

आवरण म्हणून व्हीएसव्ही-जी हे दुसऱ्या एका विषाणूचे प्रथिन वापरणाऱ्यांनी सावध राहावे. ते सीडी४ न पाहता जवळजवळ कोणत्याही पेशीत शिरते, म्हणजे हातावरच्या जखमेतल्या पेशींतही. एकाच फेरीचा कण असला तरी तो आपल्या गुणसूत्रात जनुक बसवतो. दुहेरी हातमोजे, बंद गाउन, कॅबिनेटमध्येच काम, काच आणि सुया पूर्ण बंद, ही शिस्त बीएसएल-२ खोलीतही बीएसएल-३सारखी पाळावी.

विषाणू किती आहे हे दोन प्रकारे मोजावे. पी२४ एलायझा कण किती आहेत ते सांगते, टीझेडएम-बीएलमधली ल्युसिफरेज त्यांतले किती कामाचे आहेत ते सांगते. दोन आकड्यांचे गुणोत्तर प्रत्येक तयारीसाठी लिहून ठेवावे. एखादे वेळी पी२४ भरपूर आणि संसर्ग नगण्य दिसला तर बहुधा आवरणाचा प्लास्मिड कमी पडला आहे. ९६ खणांच्या प्लेटमध्ये दर खणात सुमारे १०,००० पेशी, ४८ तासांनी वाचन, आणि प्लेटच्या कडेचे खण रिकामे ठेवून त्यांत पाणी : आपल्याकडे हवा दमट असली तरी वातानुकूलित खोलीतल्या इनक्युबेटरमध्ये कडा सुकतात. प्रत्येक प्लेटवर फक्त पेशी, पेशी व विषाणू, आणि पेशी, विषाणू व ज्ञात औषध हे तीन रकाने असतील तरच ती प्लेट मोजावी. वनस्पतिजन्य अर्क तपासणाऱ्यांनी अर्क पेशींना मारतो का याची वेगळी चाचणी त्याच दिवशी करावी. मेलेल्या पेशींत विषाणूही वाढत नाही, आणि त्यालाच औषधाचा गुण समजण्याची चूक पुष्कळ ठिकाणी छापून आली आहे.

सातवी पायरी : कचरा आणि अपघात

विषाणू लागलेले सगळे द्रव ताज्या ०.५ ते १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये किमान अर्धा तास ठेवावे. उष्ण हवेत हे द्रावण लवकर दुबळे होते, म्हणून रोज सकाळी नवे बनवून बाटलीवर तारीख लिहावी. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रयोगशाळेतला असा कचरा बाहेर देण्याआधी जागेवरच ऑटोक्लेव्ह करायचा असतो. संस्थेतील सफाई कामगारांना कोणती पिशवी कशासाठी हे त्यांच्या भाषेत, कोकणी असो वा कन्नड, समोर उभे राहून दाखवावे. भिंतीवरचा इंग्रजी तक्ता पुरत नाही.

सुई किंवा काच लागली तर जखम साबण आणि पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि लगेच निघावे. दूषित सुई टोचण्यातून संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते आणि वेळेवर घेतलेल्या प्रतिबंधक औषधाने ती आणखी घटते. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस पूर्ण घ्यायचा असतो. दुपारी चारच्या रहदारीत आपल्या जागेहून बांबोळीला पोहोचायला किती वेळ लागतो हे काम सुरू करण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि रात्री कोणाला फोन करायचा ते कॅबिनेटच्या काचेवर चिकटवावे. अपघात लपवणाऱ्या विद्यार्थ्यावर रागावण्याआधी, तो सांगायला का घाबरला हे आपल्याला विचारता आले पाहिजे.

आठवी पायरी : परत देणे

आपण सी उपप्रकाराचे नवे आवरण क्लोन केले किंवा एखादा नवा रिपोर्टर बनवला, तर प्रकाशनाबरोबर तो संग्रहात जमा करावा आणि क्रम खुल्या संग्रहात द्यावा. जमा करताना पूर्ण नकाशा, वाढवण्याचे तापमान, जिवाणूंचा स्ट्रेन आणि न जमलेल्या गोष्टीही लिहाव्यात. आमच्या त्या दोन महिन्यांचे कारण, म्हणजे ३० अंश ही एक ओळ, देणाऱ्याच्या पानावर खालच्या कोपऱ्यात होती आणि आम्ही ती वाचली नव्हती.

विद्यार्थी संस्था सोडताना त्याच्याकडून एक दिवस यासाठीच मागून घ्यावा. त्या दिवशी फ्रीजर उघडून प्रत्येक नळी वहीशी जुळवायची, करार संपलेली सामग्री ऑटोक्लेव्ह करून नोंद करायची, आणि उरलेल्याची यादी पुढच्या विद्यार्थ्यासमोर वाचायची. ज्या नळीवरचे नाव दोघांनाही ओळखता येत नाही, ती त्याच संध्याकाळी नष्ट करायची.